भाद्रपदातली भेग

प्रश्न पहिला : एका वाक्यात उत्तर द्या. काय झालं?

पोळ्याच्या आदल्या दिवशी धड असलेली भिंत मारबतीच्या दुसऱ्या दिवशी फाटलेली सापडली.

घर घ्यायला आलेल्या जयवंताबाई रामटेके यांना ती तशी दिसली. त्या महापालिकेच्या शाळेत हेडमास्तरीण होत्या आणि दिवाळीनंतर रिटायर होणार होत्या. साल अठ्ठ्याहत्तर. नवरा बळीराम सरकारी छापखान्यातून आधीच रिटायर झालेला. दोघं नागपुरातल्या इंदोऱ्याहून पहिल्या बसनं निघून बेसा गावात इसार द्यायला आली होती. बळीरामच्या काखेतल्या कापडी पिशवीत दोघांच्या नोकरीची सगळी पुंजी होती. घर जिजाबाई भोयर यांचं : कौलारू, समोर ओसरी, बाजूला विहीर, मागे वावराचा तुकडा. जयवंताबाईंचे वडील जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबले आणि दुसऱ्याच्याच बांधावर झोपडी घालून राहिले. आपल्या नावाची माती त्या घराण्यात आजवर कुणाकडे नव्हती.

आणि आता बैठकीच्या पांढऱ्या भिंतीवर, दाराच्या वरच्या कोपऱ्यापासून कोनाड्यापर्यंत, वेडीवाकडी काळी भेग. बोट आरामात जाईल एवढी.

"चाल वं, घरी जाऊ," बळीराम म्हणाला. "हे घर पडते."

जयवंताबाईंनी पायातल्या चपला काढल्या आणि आत गेल्या.


प्रश्न दुसरा : थोडक्यात माहिती लिहा.

जिजाबाई भोयर. घरमालकीण. विधवा, मूलबाळ नाही, गुडघे गेलेले. घर विकून नागपुरात, महाल वस्तीत, भावाकडे राहायला जायचं ठरलेलं. मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भावाकडेच होत्या, मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पाहायला. परत आल्या तो भिंत अशी. सकाळपासून ओसरीवर पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

बायजाबाई. मागच्या खोलीत राहते. घरचं आणि वावरातलं करते. घर विकलं गेलं तर कुठं जायचं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

रुपराव झाडे. शेजारी. बांधाला बांध. हा तुकडा आपल्याकडे यावा असं त्याला फार दिवस वाटत होतं.

भैयाजी. दलाल. स्कूटर आणि काळा चष्मा. घराची एक चावी त्याच्याकडे.

मनोहरराव भोयर. जिजाबाईंच्या दिराचा मुलगा. इटारसीला बँकेत. पोळ्याला आला होता. याच मनोहररावानं रामटेके दांपत्याला ओसरीवर खुर्च्या दिल्या आणि स्वतः चहा करून आणला.

मारबतीच्या दिवशी घर दिवसभर रिकामं होतं. बायजाबाई निंदणाला गेली होती, मनोहरराव गावात फिरायला गेलो होतो म्हणाला. म्हणजे संधी सगळ्यांना होती.

"पण ती भेग आपोआप पडली असल," बळीराम कुजबुजला. "घरं पडतात ना पावसात. यात संधी कोनाची?"

जयवंताबाईंनी भेगेला नाक लावून वास घेतला. मग म्हणाल्या, "अहो, वर्गात काच फुटली की सगळी पोरं म्हणतात आपोआप फुटली."


प्रश्न तिसरा : फक्त उत्तरं दिली आहेत. प्रश्न ओळखा.

"हाव, चावी माह्याकडं असते. मंग? कुलूप उघडाले चावी लागते, भिंत फोडाले लागते का?"

"आषाढात. आषाढातच पहिल्यांदा पाह्यलं मी हे घर. तवा भिंत कशी होती? तुमी सोबतच तं होत्या बाई. गुळगुळीत."

"आहे ना दुसरी पार्टी. खोटं काहून बोलू? ते लोक घर पाडूनच बांधनार. त्याइले भिंतीचं काय घेनंदेनं?"

"पाहा बाई, मी दलाल मानूस. तुमी घ्या की ते घेवो, माहं काम एकच. पन संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगा. उद्या ते येऊन राहिले."

"उन्हाळ्यात? उन्हाळ्यात मी काय करतो? हा काय प्रश्न झाला बाई? कूलरपुढं झोपतो."


प्रश्न चौथा : कोण कोणास म्हणाले?

"मी जिजाबाईले तोंडावर सांगतलं, यांना देऊ नका."

रुपराव झाडे जयवंताबाईंना म्हणाला. बांधावर उभा राहून, हाताला लागलेला बैलाच्या शिंगांचा रंग दगडावर घासून काढत.

"काहून गा रुपराव?"

"तुमाले माहीत आहे काहून. आजवर तुमच्या लोकाइची घरं खालच्या अंगाले. ही वरची आळी आहे. आता मास्तरीणबाई आहे म्हनून तोंड लपवू का?"

"नको लपवू. तोंडावर बोलला ते बरं झालं. मग भिंत तूच फोडली का?"

रुपराव हसला. पहिल्यांदाच नीट बघून हसला.

"मले फोडाची असती तं तुमच्यासमोर फोडली असती. चोरून काहून फोडीन?"

"उन्हाळ्यात काय करतो तू?"

"अँ?"

"उन्हाळ्यात. काम नसते तेव्हा."

"भेगा पाहतो," रुपराव म्हणाला. "आमच्या काया मातीत दुसरं काय असते पाहाले? वावरात भेगा, आंगनात भेगा, माह्या घराच्या भिंतीले तं अशी भेग की मांजर जाते. मिरग आला की जमीन फुगते, सगळं मिटून जाते. या घराले बी पडते ना, कोनाड्यापाशी. पन भादव्यात उघडलेली म्या आजच पाह्यली. भादव्यात उघडली म्हनजे पाया गेला. आता सांगतो बाई, तुमच्या भल्याचं सांगतो. नका घेऊ."

तो भल्याचं सांगत होता की वावराचं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. पण एक गोष्ट नवी कळली होती. या घराला भेग होती. जुनी. आणि विकणाऱ्यांपैकी कुणी तिच्याबद्दल एक शब्द बोललं नव्हतं.


प्रश्न पाचवा : कारणे द्या. बायजाबाई रडली, कारण...

"...कारन घराले दोष लागला, बाई. मी काय करू?"

बायजाबाई चुलीपाशी बसली होती. जयवंताबाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"दोषबिष ठेव वं बाजूला. उन्हाळ्यातली भेग कशी असते ते सांग."

"बैठकीतलीच. दाराच्या कोपऱ्यापासून निंगते, कोनाड्यापाशी थांबते. वैशाखात हात जाते माहा. मिरगाच्या पान्यानं आपोआप मिटते. पोळ्याले तं पाहाले बी भेटत नाही कोठं होती ते."

"मिटली की त्यावर कोणी चुना मारते?"

"मिटलेल्या भेगेले कोन चुना मारन बाई? चुना दिवाळीले. वर्षातून एकदाच, अख्ख्या घराले." तिनं नाक पुसलं. "पन यंदा भर पान्यात उघडली ना. जिजाबाई सकायपासून म्हनून राहिली, आता घर बसते. घर बसलं तं मी कोठं जाऊ?"

"मी घर घेतलं तर कोठं जाशील?"

बायजाबाईनं वर पाहिलं. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता.

"तुमी सांगान तसं," ती म्हणाली.

"मग राहा," जयवंताबाई म्हणाल्या. "पण मी घेतलं तर. आधी मले हे सांग, घरातली सब्बल, खोदायची पहार, कोठं ठेवता?"

"गोठ्याबाहेर." बायजाबाई उठली, गोठ्यात डोकावली आणि थांबली. "आता आत आहे. मी तं बाहेर भिताडाले टेकवून ठेवतो नेहमी."


प्रश्न सहावा : आकृती काढा व भागांना नावे द्या.

भिंतीची आतली बाजू. उजवीकडे दार. डावीकडे कोनाडा. दोघांच्या मधोमध भेग, कोपऱ्यातून निघून खाली उतरणारी. कडा कोऱ्या, माती ताजी, आतल्या तुसाचा रंग अजून पिवळा.

भेगेच्या आजूबाजूला नीट बघा. वर, चौकटीजवळ, चुन्यावर चार-पाच खरवडलेल्या खुणा. नखाएवढ्या. थोडं खाली, डावीकडे आणखी दोन. कुणीतरी चुना खरवडून पाहिला, काही दिसलं नाही, बोटभर सरकून पुन्हा खरवडला.

दार. जयवंताबाईंनी ते लावलं, उघडलं, परत लावलं. पावसानं फुगलेलं होतं म्हणून जरा अडलं, पण चौकट सरळ. कडी आपल्या जागी बसली.

आता बाहेर या. भिंतीची बाहेरची बाजू. इथे दोडक्याचा वेल कौलांपर्यंत चढलेला. जयवंताबाईंनी पानं बाजूला केली आणि आतली भेग जिथून जायला हवी होती तिथं बोट फिरवलं. वेलाच्या बारीक ताण्यांनी भिंतीचा गिलावा घट्ट धरून ठेवला होता. एकही तुटलेला नव्हता. भिंतीला ओरखडाही नव्हता.

बळीराम मागे उभा होता. पिशवी काखेतून पोटाशी आलेली.

"घर आतून फाटलं अन् बाहेरून नाही," जयवंताबाई म्हणाल्या. "असं कोणतं घर पडते हो?"

"म्हणजे कोनी तरी..."

"कोणी तरी. आता कोण ते."


प्रश्न सातवा : निबंध लिहा. 'माझी उन्हाळ्याची सुट्टी'.

मनोहररावानं आनंदानं सांगितलं. बँकेतल्या माणसाला असं कुणी विचारत नाही.

"मॅडम, शाळेचा शेवटचा पेपर झाला की त्याच रात्री गाडी. काका स्टेशनवर घ्यायला येत होते, बैलबंडी घेऊन. मग काय, आंबे. विहिरीत पोहणं. इटारसीत काय आहे, रेल्वेच रेल्वे. इथं मी राजा होतो. ह्याच बैठकीत झोपायचो, त्या भिंतीला लागून. तेव्हापासूनची ती भेग. रात्री हात घातला की आत थंड लागायचं. काचेच्या गोट्या लपवायचो मी त्यात. एक लाल गोटी आत गेली ती गेलीच."

"शाळा सुरू झाली की परत?"

"जूनमध्ये परत. बाबा एक दिवस जास्त राहू देत नव्हते. नोकरी लागल्यावर तर तेवढंही बंद झालं. लग्नानंतर तर आता येऊन राहिलो. काकू घर विकून राहिली असं पत्र आलं म्हणून रजा टाकली." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही शिकलेल्या बाई आहात म्हणून सांगतो. तुम्हाला घर दाखवलं तेव्हा भेग दिसली नसेल. चुना मारून लपवली होती. ते भैयाजीचं काम. पावसानं उघडी पाडली म्हणून तुम्ही वाचलात. काकूला मी इटारसीला घेऊन जातो. तुम्ही दुसरं चांगलं घर बघा."

"चहा छान केला होता," जयवंताबाई म्हणाल्या.

"अजून आणू?"

"आणा. सगळ्यांसाठी आणा. अन् सगळ्यांना बैठकीत बोलवा. रुपरावलेही."


प्रश्न आठवा : गाळलेली जागा भरा.

भिंत फोडणारा माणूस ________ आहे.


प्रश्न नववा : सविस्तर उत्तर लिहा.

भैयाजी घड्याळ बघत उभा. जिजाबाई खाटेवर. बायजाबाई दाराआड. रुपराव उंबऱ्याबाहेर, आत यायचं की नाही हे न ठरवता. मनोहरराव चहाचे कप हातात घेऊन. बळीराम पिशवीला मिठी मारून.

जयवंताबाई भिंतीजवळ उभ्या राहिल्या, फळ्याजवळ उभ्या राहतात तशा.

"ही भेग पावसानं पडली नाही. बाहेरची बाजू पाहून या कोणीही, वेलाचा ताणा सुद्धा तुटला नाही. गोठ्यातल्या सब्बलीनं आतून कोरली आहे. हे झालं सोपं. आता भैयाजी, तुमच्याकडं चावी होती अन् तुमच्या दुसऱ्या पार्टीले घर पाडायचंच आहे. तुम्ही फोडली असती तर कोठं फोडली असती?"

"मी काहून..."

"कोठंही. घर तुम्ही आषाढात पहिल्यांदा पाहिलं. तेव्हा भिंत गुळगुळीत होती. भेग कोठून निघते अन् कोठं थांबते, तुम्हाला माहीत नाही. ही बरोबर जुन्याच वाटेनं गेली. तुम्ही सुटले."

भैयाजीनं चष्मा काढून पुसला.

"राहिले रुपराव, बायजाबाई अन् जिजाबाई. तिघांना वाट पाठ आहे. पण या खुणा पाहा." त्यांनी चौकटीजवळच्या खरवडींवर बोट ठेवलं. "इथं खरवडलं, नाही सापडली. इथं खरवडलं, नाही सापडली. मग चिडून सब्बल घातली. हा माणूस भेग बनवून नव्हता राहिला. तो भेग शोधून राहिला होता. त्याले पक्कं वाटत होतं की ती चुन्याखाली आहे. रुपराव, भादव्यात या भिंतीत भेग शोधशील का तू?"

"मी काहून शोधीन? मिटते ना ती."

"बायजाबाई?"

"मिटते," दाराआडून आवाज आला.

"मिटते. माझ्या बापाची झोपडी काळ्या मातीवर होती. वैशाखात माझी पाटीवरची पेन्सिल अंगणातल्या भेगेत गेली, मी रडली. बाप म्हणाला, पाऊस येऊ दे, जमीन तोंड मिटते. काळ्या मातीत एक पावसाळा काढलेल्या माणसाले हे माहीत असते. ही भेग शोधणारा माणूस असा पाहिजे, की ज्यानं ती लहानपणी रोज पाहिली, तिच्यात हात घातला, अन् एकही पावसाळा इथं काढला नाही."

उंबऱ्याबाहेरून रुपरावानं मान वळवून मनोहररावाकडे पाहिलं.

जिजाबाईंनी पदर खाली घेतला. "मनू," त्या म्हणाल्या.

"काकू, मी खोटं काही केलं नाही." मनोहररावानं कप खाली ठेवले. बोलताना त्याला इटारसीचं हिंदी आठवेना आणि इथलं मराठीही नीट जुळेना. "मला वाटलं तुम्ही लोकांनी भेग बुजवली. ह्यांना फसवून राहिले. मी फक्त लपवलेलं उघडं करून राहिलो होतो. घर गेलं नसतं तर काकू माझ्याकडे राहिली असती, कुलूप लावलं असतं, उन्हाळ्यात पोरांना घेऊन आलो असतो. मॅडम, मी तर तुम्हाला वाचवूनच राहिलो होतो."

"मले वाचवाले सब्बल कशाले?" जयवंताबाई म्हणाल्या. "तोंड होतं ना."

रुपराव उंबऱ्याबाहेर इतक्या जोरात हसला की त्याचा बैल हंबरला.


प्रश्न दहावा : हो की नाही?

"आता माझं ऐका जिजाबाई. मनोहररावानं खोटी भेग केली, पण खरी आहेच. तुम्ही घर आषाढात दाखवलं."

जिजाबाई खाली बघत म्हणाल्या, "भैयाजी म्हने, पावसात दाखवा, पावसात घर चांगलं दिसते."

भैयाजीला अचानक स्कूटर बघून यायची आठवण झाली.

बळीराम बायकोच्या कानाशी आला. "म्हणजे खरी भेग आहे. मग नाहीच ना घेत आपण?"

जयवंताबाई बैठकीतून ओसरीवर आल्या, ओसरीवरून विहिरीपर्यंत गेल्या, मागच्या वावराकडे पाहिलं. काळी माती पावसानं फुगलेली, मऊ, पाय ठेवला की चिकटणारी. मग परत आल्या.

"जिजाबाई, लग्न होऊन आल्या तेव्हा ही भेग होती?"

"सासूच्या वेळची आहे म्हनत."

"म्हणजे सासूच्या वेळेपासून दर वैशाखात उघडते अन् मिरगात मिटते, तरी घर उभं आहे. भेग एकाच जागी पडते, तेव्हा खालचा कोपरा तेवढा मुरमावर नाही, काळ्या मातीवर आहे. तिथं खोदून मुरूम भरायचा. पण भेग उघडल्याशिवाय गवंडी हात लावणार नाही. तो खर्च तुमच्याकडे, जिजाबाई. भैयाजीच्या दलालीतून अर्धा. बायजाबाई मागच्या खोलीत राहील. मान्य?"

"मान्य," जिजाबाई म्हणाल्या. भैयाजी स्कूटरजवळून काहीतरी म्हणाला, ते कुणी ऐकलं नाही.

"मनोहरराव, तुम्ही माती तुडवा. तूस टाकून, चांगली मऊ. जे फोडलं ते संध्याकाळपर्यंत लिंपून द्यायचं. शाळेत असाच नियम आहे आमचा."

बँकेतल्या माणसानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"अहो," जयवंताबाई नवऱ्याकडे वळल्या, "पिशवी द्या."

बळीरामनं पिशवी दिली. द्यायला त्याला थोडा वेळ लागला, पण दिली. मग जिजाबाईंकडे पाहून म्हणाला, "आमच्या हेडमास्तरणीनं एकदा उत्तर दिलं की मले खोडता येत नाही. जयभीम."

"राम राम," जिजाबाई म्हणाल्या. मग जमेल तसं, "जयभीम."


तोंडी परीक्षा

वैशाखात ती आली.

सकाळी जयवंताबाई झाडू घेऊन बैठकीत गेल्या आणि त्यांना दिसली. मनोहररावानं लिंपलेल्या मातीच्या शेजारून, आपल्या जुन्या वाटेनं, दाराच्या कोपऱ्यातून कोनाड्यापर्यंत. केसाएवढी. आठवड्याभरात बोटाएवढी झाली. जयवंताबाईंनी बळीरामला सायकलवर सीताबर्डीला पिटाळलं आणि पेढे आणायला लावले. स्वतः गवंड्याला निरोप धाडला.

भैयाजी कुण्या नव्या पार्टीला बेसा दाखवायला आला होता. त्यालाही पेढा मिळाला.

"भिंत फाटली म्हनून पेढे वाटनारी बाई मी पह्यल्यांदाच पाहून राहिलो," तो नव्या पार्टीला म्हणाला. पार्टी घाबरून स्कूटरवर बसली.

दुपारी रुपराव आला. इतक्या महिन्यांत तो उंबऱ्याच्या आत आला नव्हता. बांधावरून बोलायचा, बैल सुटला तर हाक मारायचा, विहिरीवर बळीराम दिसला तर मान हलवायचा, तेवढंच. आज उंबऱ्यापाशी थांबला. जयवंताबाईंनी पेढ्याचं ताट पुढं केलं. ताटाकडे त्यानं बराच वेळ पाहिलं. मग पायातल्या वहाणा काढल्या, आत आला, पेढा उचलून तोंडात टाकला आणि चावत चावत भिंतीसमोर उभा राहिला. भेगेत बोट घातलं. मग दोन बोटं घालून पाहिली, गेली नाहीत.

"आमची याच्याहून मोठी आहे," तो म्हणाला.

"असल," जयवंताबाई म्हणाल्या. "ही माही आहे."